शिवणीच्या आतला रंग

पहाटे साडेपाच

वैशाखात उन्हाच्या आधी उठलं तरच दिवस हाती लागतो. तेरला चैत्र वद्य त्रयोदशीची गोरोबाकाकांची यात्रा झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, ज्वारी-हरभऱ्याची सुगी केव्हाच उरकली आणि मृगाला अजून अवकाश आहे. बाईच्या हाताला रानातलं काम नाही, असे वर्षातले हेच दिवस. आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या घरोघरच्या वाकळी याच दिवसांत अंथरल्या जातात आणि पुढे घट बसायच्या आधी, दसरा काढताना, धुऊन-वाळवून घडी होऊन उतरंडीजवळ रचल्या जातात. मी घरच्यासारख्याच दुसऱ्यांच्याही वाकळी शिवते. लोक जुनेर बांधून आणतात, मी त्याची वाकळ करून देते.

आज नळाचा दिवस आहे. उन्हाळ्यात इकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे पिण्याचं भरून झालं की पुढचं पाणी कापडाला. रिठे रात्रीच भिजत घातले होते. ते कुस्करते, फेस गाळून घेते आणि त्यात सुती कापड बुडवते. साबणाची पूड जुन्या कापडाला मी लावत नाही. आपटायचं नाही, घासायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही. पन्नास वर्षांचं लुगडं धुण्याच्या दगडावर आपटलं की त्याची चाळण झालीच म्हणून समजा. दोन्ही तळव्यांनी दाबून पाणी काढायचं आणि बाजेवर पसरायचं. दोरीवर टाकलं तर ओल्या कापडाचं सगळं ओझं एका रेषेवर येतं आणि विरलेलं सूत तिथंच तुटतं. रंगीत कापड सावलीला, पांढरी धोतरं खुशाल उन्हाला.

साडेसहा

चूल, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. म्हाताऱ्या सासूबाईंना चहा. एवढंच.

आठ

सकाळच्या गाडीनं एक जण आली. चाळिशीची आहे, पुण्याला नोकरी करते, माहेर कळंब तालुक्यातलं. आईचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं. बोचकं ओसरीवर ठेवलं आणि गाठ सोडायच्या आधीच विचारलं,

"मावशी, मयताचे कपडे घेता का तुम्ही? भावजय म्हणती, असलं घरात ठेवू नाही."

"घेते की. आईचेच हायेत न्हवं?"

हा प्रश्न मला नेहमी येतो. माणूस गेलं की त्याचे कपडे वाटून टाकायचे, नदीला सोडायचे नाहीतर बोहारणीला द्यायचे, ही रीत मला ठाऊक आहे आणि दुःखाच्या दिवसांत तिचा आधारही वाटतो. पण त्याच घरांतल्या बाया एखादं लुगडं ट्रंकेच्या तळाशी गुपचूप ठेवतात, हेही मी पाहिलं आहे. ती ट्रंक वीस वर्षांनी उघडते तेव्हा घडीच्या रेषेवर कापड तुटलेलं असतं. ठेवायचंच असेल तर वापरात ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वाकळीतलं कापड पेटीतल्या कापडापेक्षा जास्त जगतं. त्याला वरखाली दुसऱ्या कापडाचा आधार असतो आणि दर दोन बोटांवर टाका असतो.

माझी एक अट असते. बोचकं ज्याचं त्यानं माझ्यासमोर बसून उघडायचं आणि एकेक कापड हातात घेऊन ते कुणाचं, कधीचं, कुठल्या कामातलं, ते सांगायचं. मी वहीत लिहिते. "तुम्हीच बघा काय करायचं ते" म्हणून गठ्ठा टाकून जाणाऱ्याचं काम मी घेत नाही.

तिनं गाठ सोडली. वर आईच्या रोजच्या पातळांची चळत. खाली एक इरकली, अंग काळपट जांभळं, पदर तांबडा. त्याच्या खाली वडिलांचे खाकी सदरे. ते एसटीत वाहक होते, कळंब आगारात. मग खादीचं एक उपरणं, पिवळट पडलेलं. ते थोरल्या आजोबांचं, म्हणजे आजोबांच्या मोठ्या भावाचं. ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकले होते. ही शाळा १९२१ साली निघाली. निजामाच्या राज्यात मराठीतून शिकवणारी आणि पोरांच्या हाती चरखा देणारी. स्वामी रामानंद तीर्थ तिथंच शिक्षक होते. जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिला. त्या काळात खादी अंगावर घेणं म्हणजे काय होतं हे आज सांगून कळणार नाही, पण उपरणं हातात घेतलं की सूत जाडंभरडं, जागोजाग गाठीचं लागतं. शिकाऊ हातानं काढलेलं सूत असंच असतं.

तळाशी दोन वस्तू होत्या. खणाची एक कुंची, तिची स्वतःची, तान्हेपणाची. आणि एक अर्धं हिरवं, अर्धं काळं नऊवारी.

"हे आजीचं. मधला जोड काढून टाका ना मावशी, बरं दिसत नाही."

मी जोड पाहिला. दांड होता तो. लुगडं मांडीवर आणि बसायच्या जागी आधी विरतं, पदराकडचा भाग चांगला राहतो. मग दोन विरलेल्या लुगड्यांचे दोन धड भाग घेऊन मधोमध जोडायचे आणि एक नेसतं लुगडं करायचं, याला दांड घालणं म्हणतात. आमच्या आज्यांनी आयुष्यभर दांडाची लुगडी नेसली. हा दांड मात्र सुबक होता. दोन्ही काठ एकमेकांसमोर आणून, आतून दुहेरी उलटी शिवण. घाईत किंवा अंधारात घातलेला नव्हता.

"हा कुणी घातला, कधी घातला, कुणाला ठाऊक असंल?"

ती म्हणाली, आत्याला असेल. आत्या बार्शीला, ऐंशीच्या पुढं. फोन लावायला सांगितला. आत्याबाईंचा आवाज मोठा, मला लांबूनही ऐकू येत होता. लुगडं बाहत्तरच्या दुष्काळातलं. त्या साली जिल्ह्यातली कितीतरी माणसं सरकारी कामावर होती, पाझर तलावाच्या बंधाऱ्यावर नाहीतर रस्त्याच्या खडीवर. सुकडी खाऊन माणसं जगली. आजी दिवसभर उन्हात मांडी घालून खडी फोडायची. खडीवर बसून बसून लुगड्याचं अंग गेलं. हिरवा भाग तिच्या स्वतःच्या लग्नातल्या लुगड्याचा. काळा भाग तिच्या सासूनं दिलेला; सासूनं आपली चंद्रकळा फाडून सुनेला अर्धी दिली, म्हणून जोड लागला. दांड सासूनंच घातला.

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ तो जोड बोटानं चाचपत बसली. काढायचं मग कुणी बोललं नाही.

नऊ

आता उसवण. लोकांना वाटतं वाकळ म्हणजे शिवणकाम; पण निम्मं काम उसवण्यात असतं. शर्टाच्या शिवणी तशाच ठेवल्या तर वाकळीत गुठळ्या होतात, झोपणाऱ्याला टोचतात आणि सुई तिथं मोडते. म्हणून कॉलर, पट्ट्या, बाह्या, सगळं सुटं करून कापड सपाट करायचं. कात्री मी यात वापरत नाही. ब्लेडच्या अर्ध्या पात्यानं दर चौथा टाका कापायचा आणि दोरा ओढून घ्यायचा.

नवीन रचना सुचते ती इथंच, आणि हे मला या लेखात मुद्दाम सांगायचं आहे. कापड बाहेरून जे दिसतं ते उन्हानं, पाण्यानं, घामानं विटून राहिलेलं असतं. शिवणीच्या आत अर्धं बोट रुंदीची जी पट्टी दुमडलेली असते तिला ऊन लागलेलं नसतं. शिवण उसवली की दुकानातून घरी आणलं त्या दिवशीचा रंग समोर येतो. फिका राखाडी वाटणारा परकर आतून डाळिंबी निघतो. विटकरी झालेलं पोलकं आतून लालभडक निघतं. आज खाकी सदऱ्याचा खिसा उसवला. सगळा सदरा वाळलेल्या गवताच्या रंगाचा झालेला, आणि खिशाखाली नेमका खिशाएवढा गडद खाकी चौकोन. त्याच्या वर बिल्ल्याच्या पिनेची बारीक भोकं, एकाच जागी, वर्षानुवर्षं टोचलेली.

ती भोकं पाहून तिला हुंदका आला. मी काम थांबवलं नाही. अशा वेळी हातातलं काम चालू ठेवणं बरं असतं. समोरच्यालाही संकोच वाटत नाही.

तिनं मोबाइलवर एक चित्र आणलं होतं, तशी वाकळ हवी म्हणून. सारख्या आकाराचे चौकोन, रंगाला रंग जुळवलेला. नव्या कापडाची तशी सुंदर होते, मी नावं ठेवणार नाही. पण जुन्या कापडाचे सारखे चौकोन कापायचे म्हणजे खिशाचा डाग अर्धा कापायचा, काठ तोडायचा, दांड फेकायचा. मी उलट्या बाजूनं जाते. कापड कुठं विरलं, कुठं टिकलं, रफू कुठं आहे, डाग कुठं आहे, ते आधी पाहायचं आणि त्यावरून तुकड्याचा आकार ठरवायचा. गडद चौकोन तसाच पूर्ण ठेवायचा. शिवणीच्या आतून निघालेल्या मूळ रंगाच्या पट्ट्या जोडून चारी बाजूंची किनार करायची. कापडाचा पहिला रंग कडेला, वापरातला रंग मध्ये. पदर असेल तर उशाकडे, कारण तोच भाग सगळ्यांत कमी झिजलेला असतो आणि माणसाचं तोंड तिकडं असतं. हे नियम मला कुणी शिकवले नाहीत. कापडं बघत बघत ते तयार झाले.

इरकलीचा पदर उसवायची गरज नव्हती. कर्नाटकातल्या इलकलचे विणकर अंगाचा सुती ताणा आणि पदराचा रेशमी ताणा एकमेकांत फासे घालून जोडतात. तो सांधा कधी सुटत नाही. सुती अंग विरून जाळी होतं तरी पदर तांबडा लखलखीत राहतो, म्हणून आमच्याकडच्या जुन्या वाकळी पाहिल्यात तर उशाला तांबडा पदर हमखास दिसतो.

खणाचे तुकडे लहान निघतात, चोळीच मुळात लहान. पण खण वाया जात नाही. गुळेदगुड्डचा खण इतका घट्ट विणीचा की चोळी फाटते ती बहुधा शिवणीवर, कापडात नाही. पोतराजाच्या कमरेचा घागरा पाहिलाय ना, तो असल्याच खणांचा. मरीआईला वाहिलेले खण त्याच्या कमरेला येतात. मी खणाचे त्रिकोण करून वाकळीच्या चार कोपऱ्यांना लावते, कारण वाकळ धरायची, ओढायची, वाळत घालायची ती कोपऱ्यानंच. कुंची मात्र मोडायची नाही असं ठरलं. तिची फक्त मागची झालर घेतली.

बोचक्यातली पाच-सहा पॉलिस्टरची पातळं मी परत दिली. ती वर्षानुवर्षं विटत नाहीत, फाटत नाहीत, दिसायला छान राहतात. पण वाकळीच्या आत ती घसरतात, टाका धरून ठेवत नाहीत, घाम शोषत नाहीत. वैशाखात खाली अंथरली तर अंग भाजतं. वाकळीला सूतच लागतं. एखादं फारच जिव्हाळ्याचं असलं तर त्याची पट्टी वरच्या पानावर लावते, आत नाही.

साडेअकरा

अंथरणी. ढाळजेत सारवलेली जमीन थंड असते. खालचं पान म्हणजे तळाचं अस्तर, आईच्या दोन मऊ पातळांचं, मधोमध जोडून. ते सुरकुती न ठेवता पसरायचं आणि चार कोपऱ्यांवर चार वजनं: वरवंटा, उखळीचा दगड, पितळी तांब्या, आणखी काही जड. त्यावर धोतरं, मग सदऱ्यांची उसवलेली कापडं विटांच्या बांधकामासारखी, म्हणजे खालच्या दोन तुकड्यांच्या सांध्यावर वरचा तुकडा आला पाहिजे. सांध्यावर सांधा आला की तिथं वाकळ दुमडते आणि वर्षभरात चिरते. पाच पानं पुरेत. जास्त घातली तर थंडीला ऊब मिळते, पण ओली झाल्यावर एका बाईला उचलत नाही, आणि धुणार कोण, तीच बाई.

सगळ्यात वर चेहऱ्याचं पान. दांडाचं लुगडं मधोमध आडवं, जोडासकट. उशाला इरकलीचा पदर. उजव्या हाताला, झोपल्यावर हात सहज पडेल तिथं, खाकी खिसा. तो उघडाच ठेवला, वरून शिवून बंद केला नाही. त्याशेजारी तो गडद चौकोन. खादीचं उपरणं अखंड, पायथ्याला.

मग कच्चा दोरा, लांब लांब टाचे, मध्यापासून कोपऱ्यांकडे.

दुपारी एक

जेवणं झाली, गल्लीत चिटपाखरू नाही. आता बाया येतात. धाकट्या जाऊबाई, शेजारच्या काकू, समोरची नवी सून. वाकळीच्या चारी बाजूंना चौघी बसतो. आज पाहुणीलाही जागा करून दिली.

शिवायचं कडेपासून आत. बाहेरची ओळ पुरी फिरवायची, मग दोन बोटं आत दुसरी, असं करत मध्याकडे. सुई जाड, दोरा सुती, मेणावरून ओढून घेतलेला. डावा हात खाली, पाचही पानं एकत्र धरायला आणि सुईचं टोक लागतंय का ते कळायला. त्या हाताच्या बोटाला अंगुस्तान घालता येत नाही, म्हणून वाकळ शिवणाऱ्या बाईच्या डाव्या हाताची बोटं टोचून टोचून खरबरीत असतात. दर वीतभर शिवलं की तळवा फिरवून कापड पुढे सारायचं, नाहीतर मध्ये झोळ येतो आणि मग कितीही दाबा, जात नाही. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा. फार बारीक घातला तर जुनं कापड भोकाभोकांनी फाटतं. मशीनवरच्या वाकळी मी जुन्या कापडाच्या करत नाही त्याचं कारण हेच. मशीनचा टाका जवळजवळ आणि घट्ट पडतो, थकलेल्या कापडाला तो पेलत नाही. हाताचा टाका थोडा सैल असतो, कापड ताणलं की दोराही सरकतो.

टाके घालताना गोष्टी निघतात. जाऊबाईंचं माहेर तुळजापूरचं, त्यांना दरवर्षी सांगायला आवडतं आणि आम्हाला ऐकायला. तुळजाभवानी वर्षातून तीनदा निद्रा घेते. भाद्रपदातली घोरनिद्रा, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंतची श्रमनिद्रा आणि पौषातली मोहनिद्रा. मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर ठेवतात. त्या निद्रेआधी गादीतला कापूस काढून, साफ करून, पिंजून पुन्हा भरतात. हे मला फार मोलाचं वाटतं. ज्या जिल्ह्याची देवी झोपते आणि तिच्या अंथरुणाची एवढी निगा राखली जाते, तिथं बाईनं शिवलेल्या अंथरुणाला हलकं काम कुणी म्हणू नये.

काकू बोलत नव्हत्या. त्या सास्तूरकडच्या. भूकंप झाला ती ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं गाढ झोपलेली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीनं भरलेलं माळवद; ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. किल्लारीचं नाव जगभर गेलं, पण आमच्या जिल्ह्यातल्या सास्तूरसारख्या गावांतही घरंच्या घरं गेली. वर पाऊस. आभाळच फाटलं तिथं ठिगळ कुठं कुठं लावणार. काकूंच्या माहेरच्या घरातून ढिगाऱ्याखालची एक वाकळ निघाली. त्यांच्या आईनं शिवलेली. तिच्यातला माळवदाच्या पांढऱ्या मातीचा डाग कितीदा धुतली तरी गेला नाही. एकदा त्यांनी मला ती दुरुस्तीला दिली होती. मी डागावर ठिगळ लावू का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "त्याला हात लावू नगंस. बाकी काय करायचं ते कर." मी फक्त कडा बांधून दिल्या.

पाहुणीनं हे ऐकलं. मग तिनं दांडाच्या जोडावरून धावदोरा घालायला सुरुवात केली, जोडाच्या अगदी कडेनं, सासूच्या जुन्या टाक्यांना धक्का न लावता.

चार

चहा. उन्हाचा ताव अजून उतरलेला नाही. पाहुणीनं मोबाइलवर परदेशातल्या वाकळी दाखवल्या. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचं कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचं गाव आहे. तिथल्या बाया पुरुषांच्या फाटक्या विजारी, पीठ-खताच्या पोत्यांचं कापड घेऊन वाकळी शिवत. २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन लागलं आणि २००६ साली त्या वाकळींची टपाल तिकिटं निघाली. त्याच गावच्या मिसूरी पेटवे नावाच्या बाईची १९४२ ची एक वाकळ आहे. नवरा वारला, तेव्हा तिनं त्याचे कामावरचे कपडे गोळा करून पांघरायला वाकळ शिवली. चित्रात गुडघ्याचे फिके डाग आणि खिसे निघालेल्या जागचे गडद चौकोन स्पष्ट दिसतात. मी आपल्या खाकी चौकोनाकडे पाहिलं. त्या बाईला आणि मला एकच गोष्ट दिसली होती, मध्ये ऐंशी वर्षं आणि दोन समुद्र.

आपल्याकडेही हे काम सगळीकडे आहे. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, उमरग्याच्या पलीकडे कर्नाटक लागलं की कौदी. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी गावोगाव फिरून पुस्तक केलं, फोटोंसकट. पण मराठवाड्यात घराघरांत जे पडलं आहे त्याची मोजदाद व्हायची आहे. शहरात 'गोधडी' म्हणून नव्या छापील कापडाच्या मशीनच्या रजया विकल्या जातात. त्या विकणाऱ्यांचं पोट भरो, पण हाताच्या वाकळीची मजुरी त्यांच्या किमतीशी तोलू नये. महिनाभर चौघींच्या दुपारी जातात. मजुरी सांगितली की काही लोक म्हणतात, "कापड तर आमचंच आहे." मी मजुरी कमी करत नाही आणि दुसऱ्या बायांनीही करू नये.

चहा होतोय तोच गल्लीत बोहारणीची हाक आली. डोक्यावर स्टीलची भांडी, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं. ती माझी जुनी ओळखीची. तिला मी कधी वाईट म्हणणार नाही. जुन्या कापडाची पारख तिच्याइतकी कुणाला नाही. नुसतं चिमटीत धरून ती सांगते, हे सूत, हे मिश्र, हे पाण्यात टाकलं की जाणार. तिच्या गाठोड्यात एखादं हातमागाचं, जुन्या सोलापुरी मिलचं नाहीतर नारायणपेठचं कापड असलं की ती माझ्याकडे थांबते आणि मी विकत घेते. त्याचं मूळ घर कुठलं हे मात्र तिलाही सांगता येत नाही. एका डब्याच्या बदल्यात ते आलेलं असतं. असं कापड मी आतल्या पानांत घालते.

सहा

उजेड सुईच्या नाक्यातून जाईल तोवर काम. आज बाहेरच्या तीन ओळी फिरल्या. एक कोपराही खणाच्या त्रिकोणानं बांधून झाला. उरलेलं मृगापर्यंत. पाहुणीची शेवटची गाडी होती. जाताना म्हणाली, पुन्हा येते, आत्याला घेऊन येते. मी म्हटलं, "लवकर या. आत्याबाईंना गाडीचा तरास होत असंल तर तुम्हीच बार्शीला जाऊन बसा त्यांच्यापाशी. वही घेऊन जा."

रात्री साडेआठ

जेवणं उरकल्यावर दिवसाची वही. प्रत्येक वाकळीचं एक पान. कुठलं कापड कुणाचं, वाकळीत ते कुठं आलं, याचं साधं चित्र. शिवून झाल्यावर या पानाची नक्कल मी वाकळीच्या मालकिणीला देते आणि मुख्य नावं एका पांढऱ्या मांजरपाटाच्या तुकड्यावर दोऱ्यानं काढून वाकळीच्या मागच्या कोपऱ्याला शिवते. शाई धुण्यात जाते, दोरा राहतो.

हे वहीचं वेड मला तेरमुळे लागलं. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लाल समुद्राच्या व्यापारावर लिहून ठेवलं, त्यात तगरचं नाव आहे: पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून भरपूर साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जाते. आमच्या या तेरणाकाठच्या गावचं कापड, दोन हजार वर्षांपूर्वी. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या मातीच्या मूर्ती आहेत, मणी आहेत, शंखाचं, हस्तिदंताचं काम आहे. ज्या कापडानं गाव नावारूपाला आलं, त्याचा धागा तिथं दिसत नाही. आमच्या काळ्या, ओल धरणाऱ्या मातीत सूत टिकत नाही. भारतातून गेलेल्या सुती कापडाचे तुकडे सापडले ते इजिप्तमध्ये, लाल समुद्राकाठच्या बेरेनिके बंदरात, कोरड्या वाळूत. ज्यांनी विणलं त्या बायाबापड्यांचं नाव कुठंच नाही. तगरचं कापड आज आपल्याला माहीत आहे ते केवळ कुणीतरी दोन ओळी लिहिल्या म्हणून.

तेव्हा वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. यंदा दसरा काढताना घरातली फाटकी वाकळ बाहेर टाकू नका. जिथं उसवली आहे तिथून आतली पानं पाहा. घरात जी सगळ्यांत म्हातारी बाई असेल, आजी, आत्या, मोठ्या जाऊबाई, तिच्यापुढे ती अंथरा आणि कुठलं कापड कुणाचं ते विचारा. ती सांगेल ते नावागावासकट, सालासकट लिहून घ्या. बोहारणीला कपडे द्यायचे ते द्या, पण आधी प्रत्येक सुती लुगड्यातून वीतभर काठ बाजूला काढा आणि त्याला नावाची चिठ्ठी टाचा. विचारायचं काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. सांगणारी माणसं थकत चालली आहेत.